सर, असं अंग कधी होणार?

जिममध्ये नवीन आलेली पोरं मोबाइलवर कुणाचा तरी फोटो दाखवून हेच विचारतात. बाबांनो, त्या फोटोआधी तो गडी पाणी पिणं तोडतो, दोन सेट मारून स्नायू फुगवतो, मग बाजूने दिवा लावून घेतो. तो सोशल मीडियावरचा अमेरिकन 'लिव्हर किंग' आठवतोय ना? कच्चं लिव्हर खाऊन अंग कमावल्याच्या बाता मारायचा. डिसेंबर २०२२ मध्ये स्टेरॉइड घेत असल्याचं स्वतःच कबूल केलं त्याने. तरी आमची पोरं डब्यातल्या पोळी-भातालाच शिव्या घालतात! परवा एकाला स्क्वॉट मारताना अंधारी आली. सकाळपासून नुसत्या ब्लॅक कॉफीवर होता. बाकावर बसवून लिंबू सरबत पाजलं, तर म्हणतो, "सर, साखर किती घातलीत?"