किल्लारी : माळवदावरची माती

औशाहून लामजन्यामार्गे किल्लारीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सप्टेंबर सरत आलेला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढणीला आलेलं सोयाबीन. मोबाइलच्या नकाशानं नव्या गावात आणून सोडलं. सरळ रुंद रस्ते, आखून दिलेले प्लॉट. आपल्याकडचा बोळ कसा, कुणाच्या तरी ओट्याला वळसा घालून पुढं जातो. इथं वळसाच नाही.

जुन्या गावाची वाट टपरीवर विचारली, तर एक सत्तरीपुढचे मामा स्वतःच निघाले. "मामा, ऊन आहे, राहू द्या," म्हटलं. "ऊन काय नवं हाय का!"

वेड्या बाभळी, गुडघाभर गवत, मधेच एखादं जोतं. एका जोत्यापाशी थांबून मामांनी घर समजावून सांगितलं. अडीच-तीन फुटांच्या भिंती, दोन्ही तोंडांना दगड, पोटात चिखल आणि गोटे. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. माळवद गळू नये म्हणून पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा.

"आज्यानं टाकली, बापानं टाकली, मी बी टाकली. खालची कुणीच काढली न्हाई."

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून दमलेलं गाव झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता 6 च्या थोडी वर. एवढे धक्के जगात दरवर्षी शंभरावर बसतात. पण इथं भूकंप उथळ होता, आणि झोपलेल्या माणसांवर तीन पिढ्यांची माती टांगलेली होती. चिखलातल्या दगडांना एकमेकांशी बांधणारं काही नव्हतं. भिंती फुटल्या आणि वरचं सगळं खाली आलं. लातूर-उस्मानाबादेत मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

दख्खनच्या काळ्या खडकावर भूकंप कसला, असं तेव्हा शहाणेसुरतेही धरून चालले होते. भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याचा होता. खरं तर 1992 च्या दिवाळीच्या आसपास इथं धक्के बसून गेले होते. मामा म्हणाले, "जमीन गुरगुरायची. काही दिस अंगणात झोपलो. मग सवय झाली."

सवय! मला पुढचं काही विचारवेना. मामांनीही घरात कोण कोण होतं ते सांगितलं नाही. जोत्यावर उगवलेली रुईची काडी मात्र त्यांनी उपटून टाकली, दारातली उपटावी तशी.

परत टपरीवर आलो. चहा बशीत ओतता ओतता मी विचारलं, "नवं घर बरं आहे ना, मामा? स्लॅबचं?"

"पक्कं हाय," ते म्हणाले. "पर चैत-वैशाखात तव्यावानी तापतंय. तवा माळवदाची याद येती बघा."