तुम्ही विचारलंत म्हणून: ते ‘ब्रिक’वालं गाणं मी का शिकवत नाही

माझ्या गिटारच्या क्लासात दर जूनला नवी बॅच येते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतंच, “सर, ते ब्रिकवालं घेऊ या ना.” म्हणजे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’. मग पालक विचारतात. परवा एका बाबांनी फीचे पैसे मोजता मोजता भिंतीकडे बोट दाखवलं: “पोस्टर पिंक फ्लॉइडचं लावलंय आणि त्यांचं तेच एक गाणं शिकवत नाही. काय गौडबंगाल आहे?” आजवर मी “सोपं आहे हो, यूट्यूबवर बघून येईल” म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहितो. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

सोपं आहे हे अर्धंच खरं. डी मायनर कॉर्ड धरला की निम्मं गाणं पदरात पडतं. पण शेवटचा बँडच्या गिटारिस्टचा, डेव्हिड गिल्मोरचा सोलो, लेस पॉल गोल्डटॉप गिटारवरचा, त्यातले बेंड, म्हणजे तार ढकलून चढवलेले सूर, नीट सुरात यायला वर्ष जातं. आणि गाणं आवडत नाही असंही नाही. ‘शिक्षकांची टिंगल करतं म्हणून सरांना झोंबलं असेल’ असं एक आजोबा म्हणाले होते. झोंबलंय, पण त्यांना वाटतं तिथे नाही.

तीन भागांतल्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा हा दुसरा भाग कसा झाला हे मी कॉलेजात असताना पाठ केलं होतं. 1965 पासून वाजवणारा बँड, 1968 नंतर इंग्लंडात एकही सिंगल, म्हणजे एकटं विकायला काढलेलं गाणं, नाही, आणि त्याचा अभिमान. बँडमधल्या रॉजर वॉटर्सचं मूळ गाणं म्हणजे एक कडवं आणि एक ध्रुवपद, बस्स. निर्माता बॉब एझरिन डिस्कोच्या ठेक्यासाठी आधीच मागे लागलेला. त्याला यात हिट दिसत होतं, पण बँडला सिंगल नकोच होतं. पठ्ठ्याने टेपची नक्कल काढून जोडली आणि गाणं लांबवलं. आता दुसऱ्यांदा तेच कडवं गाणार कोण? लंडनच्या स्टुडिओजवळ इझलिंग्टन ग्रीन नावाची शाळा होती. तिथल्या संगीतशिक्षकांनी, ॲलन रेनशॉंनी, 23 मुलं आणली. त्यांचेच आवाज एकावर एक चढवून अख्ख्या शाळेचा गलका उभा केला. बँड त्या वेळी लॉस एंजेलिसमध्ये होता. ज्या आवाजांनी गाणं जगभर गेलं, ते आवाज लागले तेव्हा तिथे बँडच नव्हता.

नोव्हेंबर 1979मध्ये ते आलं, ख्रिसमसला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, पुढच्या वर्षी अमेरिकेतही. शाळेला हजार पौंड मिळाले. मुख्याध्यापिकेला ‘आम्हाला शिक्षण नको’ म्हणणारे गाण्याचे शब्द आधी दाखवलेच नव्हते. व्हिडिओत गाताना दिसतात ती मुलं वेगळीच. 1980मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांनी वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध हे गाणं उचललं आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. हे वाचून विशीतला मी किती हरखलो होतो, सांगता येणार नाही. तीन मिनिटांच्या गाण्याला सरकार घाबरतं!

त्याच तोऱ्यात 2003 साली मी सोलापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. डिसेंबरात गॅदरिंग. आठवी ‘ब’ची बारा मुलं निवडली, महिनाभर मधल्या सुट्टीत तालीम घेतली. गाण्याच्या शेवटी एक मास्तर मुलांवर खेकसतो, जेवणावरून. मला सुचलं, तिथे आपल्या पर्यवेक्षकांचं वाक्य टाकू: “डबा संपल्याशिवाय मैदानावर पाय ठेवायचा नाही!” नकला करणारा एक मुलगा होता. त्याच्याकडून मी ते दहादा म्हणून घेतलं. “सानुनासिक, अजून सानुनासिक,” मी म्हणत होतो.

कार्यक्रमात त्याने असं म्हटलं की सभागृह कोसळलं. मागच्या बाकांवरची पोरं बाकं बडवत गाऊ लागली. पहिल्या रांगेत विश्वस्त, पाहुणे आणि पर्यवेक्षक. मी विंगेत गिटार घेऊन उभा, आणि मला वाटत होतं आपण दक्षिण आफ्रिकेतच आहोत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना बोलावलं. वडील यंत्रमागावर होते, रात्रपाळी करून तसेच आलेले, भुवयांत कापसाचे तंतू. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. मोठ्या बाईंनी मुलाला विचारलं, “हे वाक्य तुला कुणी सांगितलं?”

तो फरशीकडे बघत म्हणाला, “मीच घातलं.”

मग बाई माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्हाला कल्पना होती?”

मी म्हणालो, “तालमीत हे नव्हतं.”

त्याने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गणितात उत्तर वेगळं आलं की मुलं पाहतात तसं.

सहलीच्या यादीतून त्याचं नाव गेलं आणि माफीपत्र लिहून मागितलं. वडिलांना लिहिणं जमेना, म्हणून त्यानेच टेबलाच्या कडेला उभं राहून लिहिलं, वडिलांनी खाली सही केली. कागद माझ्या हातातून बाईंकडे जायचा होता. त्यात त्याने ‘दीलगिर’ लिहिलं होतं. मी खिशातलं लाल पेन काढलं आणि ते ‘दिलगीर’ केलं.

याच्यापुढे काही लिहायचं नव्हतं खरं तर. पण तुमच्यापैकी काहीजण म्हणाल, आणि तेव्हाचा मीही रात्री अंथरुणात हेच म्हणत होतो, की सर, नोकरी टेंपररी होती, घरी आई आजारी होती, मुलाला मजाच आली होती. सगळं खरं आहे. मुलांना मजा आलीच होती; इझलिंग्टनच्या मुलांनाही आली असणार, तास बुडवून स्टुडिओत जायचं म्हणजे काय! पण भांडण कुणाचं होतं? पर्यवेक्षकांशी वाकडं माझं होतं, हजेरीच्या वहीवरून. पोरांचं त्यांच्याशी काहीच नव्हतं. बिचारे खरंच डब्याच्या काळजीने ओरडायचे, उपाशी पोरं उन्हात भोवळ येऊन पडतात म्हणून.

वर्षभराने पेपरात वाचलं की लंडनची ती मुलं, आता पस्तिशी-चाळिशीची, रॉयल्टी मागतायत. त्या वेळी मी पुण्यात होतो, क्लास काढून. बातमी कापून ठेवली. कशासाठी, कुणास ठाऊक. रेनशॉंनी निदान मुलांना स्वतः नेलं आणि नंतर ते नाकारलं नाही, असं मी स्वतःला सुनावतो. मग वाटतं, सातासमुद्रापारच्या माणसाशी तुलना करत बसणं ही पण पळवाटच.

त्या मुलाला शोधलंत का, हाही प्रश्न येईल. नाही. हिंमत नाही म्हणा, किंवा त्याला आठवतही नसेल म्हणा. दिवसानुसार माझं उत्तर बदलतं.

गेल्या गुरुवारी तेरा वर्षांची एक मुलगी ते गाणं घरून बसवून आली. मला न विचारता सुरू केलं, सोलोपर्यंत पोचलीसुद्धा. एक बेंड पाव सूर खाली पडत होता. मी तिचं तिसरं बोट धरून तार वर ढकलली, “इथपर्यंत,” म्हणालो. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं, या वेळी गात. मी पाणी प्यायला आत गेलो.