डेन्बीज हिलसाइड: लंडनजवळच्या खडूच्या टेकडीवर निळी फुलपाखरं बघायची असतील तर

लंडनमध्ये किंवा आसपास राहणाऱ्यांनी ऑगस्टमधला एक उन्हाचा दिवस या जागेसाठी राखून ठेवाच. सरे परगण्यात डॉर्किंग गावाच्या वर, नॉर्थ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या दक्षिणेकडच्या उतारावर डेन्बीज हिलसाइड आहे, नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यातली जागा. आईबाबा सध्या इकडे आलेत, त्यांना घेऊन ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो आणि अजून घरात तोच विषय चालू आहे.

आधी जमिनीबद्दल सांगतो, कारण ती कळली की बाकीचं आपोआप कळतं. इथे खाली अक्षरशः पांढरा खडू आहे आणि वर जेमतेम बोटभर माती, पाणी पडलं की लगेच झिरपून जातं, जमिनीत कस असा नाहीच. त्यामुळे जोमाने वाढणाऱ्या गवताची दादागिरी चालत नाही आणि लहानसहान फुलझाडांना जागा मिळते, एका चौरस मीटरमध्ये 40 पर्यंत जातींच्या वनस्पती सापडू शकतात. आपल्या कासच्या सड्यावर पातळ मातीमुळे जे होतं तसंच, फक्त खालचा दगड वेगळा. ब्रिटनमधली अशी जवळपास 80 टक्के कुरणं दुसऱ्या महायुद्धानंतर नांगरली गेली, खतं टाकून बदलली किंवा झुडपांखाली गेली, म्हणून जे उरलंय त्याची किंमत फार मोठी आहे.

आता फुलपाखरं. मुख्य दोन, चॉकहिल ब्लू आणि अडोनिस ब्लू. चॉकहिलचा नर फिकट, दुधाळ आकाशी आणि पंखांची कड काळपट, हा जुलैच्या मध्यापासून दिसायला लागतो. अडोनिसचा नर म्हणजे डोळ्यात भरणारा झगझगीत निळा, उन्हात पंख उघडून बसला की बघतच राहावं, बाबा तर एकाच फुलापाशी किती वेळ बसून होते! अडोनिसच्या वर्षाला दोन पिढ्या, एक मे-जूनमध्ये आणि दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणून ऑगस्टच्या मध्यानंतर गेलात तर दोन्ही एकत्र मिळतात. साधा कॉमन ब्लू पण तिथेच उडत असतो आणि घोळ होतो, तेव्हा पंखांची पांढरी किनार नीट बघा, अडोनिसच्या किनारीला काळ्या बारीक रेघा आडव्या कापतात, कॉमन ब्लूची किनार कोरी पांढरी असते. माद्या सगळ्यांच्याच बहुतांशी तपकिरी, त्या ओळखायला खरंच वेळ लागतो.

दोघांच्याही अळ्या हॉर्सशू व्हेच नावाच्या एकाच पिवळ्या फुलांच्या बुटक्या झाडावर वाढतात, दुसरं काही खात नाहीत. आणि या अळ्यांची राखण मुंग्या करतात! अळीच्या अंगातून गोड रस येतो, तो मुंग्यांना हवा असतो, बदल्यात त्या शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत, अडोनिसच्या अळ्यांना तर मातीत पुरूनही ठेवतात. म्हणजे झाड, मुंगी, ऊन आणि आखूड गवत हे सगळं एकाच जागी जमून यायला हवं.

आखूड गवताचं तर फारच महत्त्व आहे. 1953 मध्ये इंग्लंडमध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला, ससे पटापट मेले, चरायला कोणी उरलं नाही, गवत वाढलं, जमिनीलगतची ऊब गेली आणि अडोनिस जागोजागी नाहीसा झाला. आता मुद्दाम गुरं सोडून चराई करतात, झुडपं तोडतात, तेव्हा कुठे तो परत सावरलाय. त्यामुळे तिथे गुरं दिसली की 'निसर्गात गुरं कशाला' असं वाटून घेऊ नका, त्यांच्यामुळेच ही जागा टिकून आहे, आणि वाटेतलं प्रत्येक फाटक आठवणीने लावून घ्या.

जायचं कसं ते सांगतो. गाडी असेल तर वर रॅनमोर कॉमनला स्टीअर्स फील्डचं पार्किंग आहे, नॅशनल ट्रस्टचे मेंबर नसाल तर पैसे पडतात, पण तिथून उतार अगदी जवळ त्यामुळे वयस्कर मंडळींना हेच बरं. चालायची हौस असेल तर वॉटर्लू किंवा व्हिक्टोरियाहून ट्रेनने बॉक्स हिल अँड वेस्टहंबलला उतरा, साधारण तासाभराचा प्रवास, रविवारी निघणार असाल तर टाइमटेबल आधी बघून घ्या. मग नॉर्थ डाउन्स वे हा पायी चालायचा मार्ग धरायचा, तो द्राक्षमळ्याच्या बाजूने वर चढत सेंट बार्नबस चर्चपाशी येतो आणि पुढे थेट स्टीअर्स फील्डला, रमतगमत तास-सव्वा तास धरा. चढ आहे पण जिवावर येईल असा नाही.

सकाळी दहाच्या आधी घाई करू नका, फुलपाखरांना ऊन लागतं. ढग आले की सगळी पंख मिटून गवतात बसतात आणि वाटतं इथे काही नाहीच. संध्याकाळी मात्र ती गवताच्या काड्यांवर डोकं खाली करून झोपायला बसतात, फोटोवाल्यांनी ती वेळ साधा. जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. आणि शेण दिसलं तर तोंड फिरवू नका, चॉकहिलचे नर क्षारांसाठी तिथेच घोळक्याने बसतात!

उतार तीव्र आहे, पाऊस पडून गेला असेल तर खडू साबणासारखा होतो, ग्रिपवाले बूट घालाच. गवतात टिक्स (रक्त पिणाऱ्या गोचिडी) असतात, म्हणून फुल पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा, लहान मुलांचं तर नक्कीच. सावली फारशी नाही, टोपी आणि भरपूर पाणी घरूनच न्या. फोटोच्या नादात पायवाट सोडून गवतात लोळू नका, त्याच गवतात अंडी आणि अळ्या असतात.

वेळ उरला तर मोल नदीच्या पलीकडे बॉक्स हिलवरही जा, तो सगळा उतार संरक्षित आहे आणि ऑगस्टमध्ये तिथे सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर हे आणखी एक फुलपाखरू दिसतं, छोटंसं, पंखांच्या खालच्या बाजूला चंदेरी ठिपके, चांगलं गरम झाल्याशिवाय उडत नाही. ऑगस्ट जमत नसेल तर मेच्या शेवटी जा, अडोनिसची पहिली पिढी तेव्हा असते आणि गर्दीही कमी, आम्ही पुढच्या वर्षी तेच करणार आहोत.