ओसाकातला कंडेन्सर

मालवणच्या बाजारपेठेत काकांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच. वीज साठवणाऱ्या डबीसारख्या छोट्या पार्टला काका ‘कंडेन्सर’ म्हणायचे. पुढे डिप्लोमाला ‘कपॅसिटर म्हणा’ असं सरांनी सांगितलं आणि काकांचा शब्द मी सोडून दिला.

गेल्या महिन्यात इथे ओसाकात, निप्पोनबाशीतल्या एका पार्ट्सच्या दुकानात, म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्या बोर्डावरच्या फुगलेल्या डब्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘कोन्देन्सा.’’ जपानीत हाच शब्द आहे! माझा गळाच दाटून आला.

तो बोर्ड आहे पॅक-मॅनचा, 1980 सालच्या व्हिडिओ गेमचा. बंद पडलेलं मशीन मी कॅबिनेटसकट घेतलंय आणि त्यातला एकेक पार्ट ओळखायला शिकतोय. चाळीस पायांचा लांबट चिप दिसला की तो झेड-80, मशीनचा मेंदू. चौदा-सोळा पायांच्या रांगाच्या रांगा म्हणजे 74 मालिका. 7404 मध्ये सहा इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल उलटा करणारे; 7432 मध्ये चार ऑर गेट, म्हणजे दोनपैकी एक सिग्नल आला तरी ‘हो’ म्हणणारे. एखाद्या चिपवर काचेची खिडकी असते आणि त्यावर स्टिकर. ते स्टिकर काढू नये. आतला प्रोग्राम अतिनील प्रकाशाने पुसला जातो.

सगळ्यात फसवलं ते ट्रान्झिस्टरने, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या तीन पायांच्या छोट्या पार्टने. मॉनिटरच्या बोर्डावरच्या एकावर फक्त ‘सी1815’ लिहिलेलं. जपानी पद्धतीत पूर्ण नाव 2एससी1815. पुढचं ‘2एस’ अंगावर छापतच नाहीत. त्याजागी माझ्याकडचा बीसी547 चालेल का, म्हणून काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. लगेच फोन आला.

‘‘झिला, नंबर मागसून. आधी पाय बघ.’’

बघितले. सपाट बाजू समोर धरली तर बीसी547 चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सी1815 चे एमिटर, कलेक्टर, बेस. तसाच लावला असता तर तिन्ही पाय चुकीच्या जागी गेले असते. खाऱ्या हवेने गंजलेले पाय घासून पुसून पार्ट ओळखण्यात काकांचं आयुष्य गेलं. अंगावरचा छापा पुसला गेला तरी ते मीटर लावून पाय शोधायचे. ते शिक्षण मला कॉलेजात मिळालं नाही, हे मी मनापासून सांगतो.

एका चिपवर नंबराखाली 8027 होतं. तोही पार्ट नंबरच समजून मी तासभर शोधत बसलो. ती तारीख आहे: 1980 सालचा 27 वा आठवडा. काकांना सांगितलं, तर थोडा वेळ गप्प राहिले.

‘‘म्हणजे जुलैची सुरुवात. होडयो वर ओढलेल्यो, समुद्र खवळलेलो. त्या पावसातच मी दुकान उघडलंय.’’ मग म्हणाले, ‘‘कंडेन्सर बदललंस काय रे?’’

‘‘उद्या बदलतो, काका.’’

‘‘वजा बाजू बघून लाव.’’