तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं शिकून शेवटी सिस्टरच ना?

"एएनएम होतीस, नोकरी होती. मग जीएनएम, त्यावर पोस्ट बेसिक. एवढं शिकून शेवटी सिस्टरच ना?" सोलापुरात सात रस्त्यावर, लग्नात, वॉर्डात, सगळीकडे हेच विचारतात. एएनएम म्हणजे सहायक नर्स-प्रसाविका, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, पोस्ट बेसिक म्हणजे त्यावरची पदवी. आजवर टाळलं, आता नीट सांगते.

पैशाचं आधी. एएनएम 2 वर्षं, जीएनएम 3, पोस्ट बेसिक बीएस्सी 2. एएनएमची नोंदणी असली तर जीएनएमला प्रवेश मिळतो, पण एकही वर्ष माफ होत नाही. शरीररचनेपासून पुन्हा सुरुवात. पोस्ट बेसिक पूर्णवेळ, म्हणजे पगारावर पाणी किंवा रजेसाठी हातापाया पडणं. खासगीत परतल्यावर पगार थोडाच वाढतो. नुसत्या पगारासाठी हे करू नका.

आता खरं कारण. एका खासगी रुग्णालयातली रात्रपाळी, मी एएनएम. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई, वय 58, वजन 52 किलो, लघवीचा संसर्ग, दोन दिवस ताप. रात्री 10 ला नाडी 112, बीपी 110/70, श्वास मिनिटाला 20. दोन वाजता नाडी 124, बीपी 100/60, श्वास पुन्हा 20. तो 20 मोजलेला नव्हता. ताप, बीपी, ऑक्सिजन यंत्र सांगतं. श्वासासाठी पूर्ण मिनिट पेशंटजवळ थांबावं लागतं, 24 खाटा म्हणजे 24 मिनिटं. म्हणून सगळ्यांच्या रकान्यात 20 पडत होते. ऑक्सिजन 96 दिसला आणि मी निर्धास्त झाले. पण संसर्गाने सगळं शरीर बिघडू लागलं, म्हणजे सेप्सिस झाला, की रक्तातलं आम्ल वाढतं, ते बाहेर टाकायला शरीर भराभर श्वास घेतं. त्या धापेमुळेच आकडा चांगला दिसत राहतो. लघवीच्या पिशवीत सहा तासांत 90 मिली होती. ताशी किलोमागे अर्धा मिली धरली तर 156 हवी होती. पिशवी मी रिकामी केली, आकडाही लिहिला. तो कमी आहे हे कळलं नाही.

बाई सारखी "आयासम, आयासम" म्हणत होती. मराठीतला आयास समजून मी म्हटलं, थकल्यात, झोपा. तेलुगूत आयासम म्हणजे दम लागणं.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, "सर, पेशंट जरा बरी वाटत नाही." पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू, असं उत्तर आलं. त्या वाक्यावर दुसरं काय उत्तर मिळणार होतं? पहाटे 5 ला बीपी 80, बाई असंबद्ध बोलायला लागली. दुसरीकडे हलवली. दुसऱ्या दिवशी गेली.

आज तोच फोन असा करीन: "सर, खाट चार, 58 वर्षांची बाई, लघवीचा संसर्ग. श्वास पूर्ण मिनिट मोजला, 32, नाडी 124, बीपी 100/60, सहा तासांत लघवी 90 मिली. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर सलाईन आणि रक्ततपासणीचं काय करू?" परिस्थिती, पूर्वपीठिका, माझा अंदाज, माझी मागणी. जीएनएममध्ये केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचे आराखडे, लिहून लिहून बोटं दुखली, पण "मला वाटतं" हे शब्द तिथे आले. एएनएम असताना मी निरोप्या होते.

यावर माझंच जुनं मन मला अडवतं. पूर्ण मिनिट श्वास मोजायला एएनएमलाही शिकवतात. त्याला पदवी कशाला? मनगटावर घड्याळ होतं. खरं आहे. मी आळस केला की मला अर्थ माहीत नव्हता, हे आजही ठरवता येत नाही. आणि माझ्याहून तयारीच्या एएनएम मी पाहिल्यात, त्यांचं 'शेवटी एएनएमच' म्हणून कुणी ऐकत नाही. याचा मला राग येतो. तो माझ्या पदवीने गेलेला नाही.

नव्या मुली आल्या की पहिला आठवडा मी श्वासच मोजायला लावते. नाडी धरल्यासारखा हात ठेवायचा, पेशंटला सांगायचं नाही, कारण लक्ष गेलं की श्वासाची गती बदलते. छाती दिसत नसेल तर पोटाकडे बघायचं. 22 च्या वर गेला की पुन्हा मोजायचा आणि मग मला हाक मारायची. आणि आयासम म्हणजे दम, हे पहिल्याच दिवशी सांगते.