अहवाल सालात

‘अहवाल सालात’ हे दोन शब्द नववीत असताना मी इतक्या वेळा लिहिले, की अजून कुठे छापलेले दिसले तरी बोटाला शाई लागल्यासारखं वाटतं. साल होतं १९९३-९४. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आणि कौलारू शाळा. डिसेंबरात स्नेहसंमेलन असायचं आणि बक्षीस समारंभाआधी मुख्याध्यापिका बाई वार्षिक अहवाल वाचायच्या. बाईंचं अक्षर फक्त बाईंनाच लागायचं, तेही चष्मा सापडला तर. म्हणून खर्ड्यावरून पक्की प्रत उतरवायला दरवर्षी चांगल्या अक्षराची एक मुलगी बोलावली जाई. त्या वर्षी माझा नंबर लागला.

अहवालात कुणी काही मिळवत नाही, संपादन करतं. यश कधी नुसतं नसतं, उज्ज्वल असतं. आणि हरलेला संघ हरत नाही, ‘चुरशीची लढत’ देतो. आमचा खो-खोचा मुलींचा संघ जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात डावाने हरला होता. मी राखीव खेळाडू, म्हणजे पाण्याची कळशी सांभाळणारी, त्यामुळे सगळं नीट पाहिलेलं. रात्रभर पाऊस पडून मैदानाचा चिखल झालेला. आमची कर्णधार खांबापाशी वळताना घसरली, दोन्ही गुडघे फुटले, तशीच उठली आणि पुढच्या दोन पावलांत बाद झाली. सामना एवढाच.

मी विचारलं, “बाई, चुरस कुठे होती?”

“तू लिही गं. गुडघे फुटले ना तिचे? मग होती चुरस.”

मी लिहिलं.

परीक्षांचं पान सोपं होतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, हिंदीच्या परीक्षा, स्कॉलरशिप. बसले इतके, उत्तीर्ण इतके. आकडे लिहिताना हात भराभर चालतो. बसलेल्यांमधून उत्तीर्ण वजा केले की जे उरतात, त्यांच्यासाठी रकाना नव्हता. इंटरमिजिएटच्या त्या उरलेल्यांत माझी बाकावरची शेजारीण होती. घनभूमितीच्या पेपरात तिची पट्टी सरकली आणि सगळा शंकू कलला. पुढे वर्षभर आम्ही तिला ‘पिसाचा मनोरा’ म्हणायचो. ती आता बांधकामाचे नकाशे काढते. हे आपलं जाता जाता.

एका ओळीपाशी मात्र हात थांबला. ‘अहवाल सालात किल्लारी भूकंपग्रस्तांसाठी विद्यार्थ्यांनी कपडे व धान्य संकलित केले.’ ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, गुलाल धुऊन लोक निजले आणि पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं खाली बसली. आम्हाला सकाळी रेडिओवर कळलं. दोन-तीन दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचा ढीग लागला आणि आम्हा नववीच्या मुलींना निवडायला बसवलं. फाटके बाजूला, लहान मुलांचे वेगळे, साड्या वेगळ्या. लोक काय काय देतात! एकीने रेशमी खण धाडला होता, कुणाच्या घरून नुसत्या टायांचा पुडा आला होता. त्या ढिगात आमच्याच शाळेचा गणवेश निघाला. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, धुऊन इस्त्री केलेला. खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता, त्यावरून कुणाचा ते आम्हा तिघींना कळलं. कुणी काही बोललं नाही. गणवेश लहान मुलांच्या गाठोड्यात गेला. ती मुलगी पुढे वर्षभर रोज एकच गणवेश घालून आली. पावसाळी दिवसांत तो अंगावरच वाळायचा.

हे मी बाईंना सांगितलं नाही, पण सांगितलं असतं तरी त्यांनी खोडलंच असतं. बाई खोडण्यात वस्ताद होत्या.

त्यांच्या खोडण्याचा खरा बहर दिसायचा फिशपॉन्डच्या वेळी. काही शिक्षक त्याला शेलापागोटे म्हणायचे, पण पोरं फिशपॉन्डच म्हणायची. ऑफिसबाहेर खोका ठेवलेला असे. त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, बाई त्या वाचणार, निम्म्या फाडणार आणि उरलेल्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालक वाचणार. आमच्या शाळेत मुलगे आणि मुली एकमेकांशी वर्षभर बोलत नसत. वही हवी असली तर मधल्या रांगेतल्या कुणाच्या तरी धाकट्या बहिणीमार्फत मागवावी लागे. सगळं साठलेलं बोलणं त्या खोक्यात पडायचं. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून निवडलेल्या चिठ्ठ्या पुन्हा लिहून काढत, आणि लिहायला अर्थात मीच. तेवीसावी चिठ्ठी माझ्यावर होती : ‘अक्षर मोत्याचं, पण गणिताच्या पेपरात हार तुटतो.’ तीही मी वळणदार अक्षरात उतरवून दिली. मूळ चिठ्ठीतला ‘त’ ज्याचा होता, त्याच्याकडे पुढे तीन महिने पाहिलं नाही. म्हणजे न पाहण्याकडे फार लक्ष दिलं.

अहवाल डिसेंबरात वाचला जायचा आणि पुढचा सुरू व्हायचा जूनपासून. त्यामुळे जानेवारी ते एप्रिल हे महिने आमच्या शाळेच्या कुठल्याच अहवालात कधी आले नाहीत. आणि नववीचं सगळं तर तेव्हाच व्हायचं! दहावीची मुलं जादा तासांत अडकलेली, शाळा आमच्या ताब्यात. एस.टी.च्या लाल गाडीतून गणपतीपुळ्याची सहल, खिडकीशी बसण्यावरून भांडणं, घाटात सगळ्यांच्या हातात लिंबं. दहावीच्या निरोप समारंभाला डोई पाच रुपये वर्गणी, बटाटेवडे आणि वेफर्स, आईची साडी आणि ती जागेवर राहावी म्हणून चौदा पिना. निरोप दहावीला द्यायचा असे, पण रडायची नववी.

आता कबुली. खर्ड्यात शेवटून दुसरी ओळ होती : ‘तालुकास्तरीय निबंध स्पर्धेत’, पुढे माझं नाव, ‘हिने उत्तेजनार्थ पारितोषिक संपादन केले.’ ‘उत्तेजनार्थ’ हा शब्द ज्याने काढला त्याला ते कधी मिळालं नसावं. मी ओळ उतरवली आणि तेवढा एक शब्द गाळला. शाई पुसली नाही, खाडाखोड नाही, नुसता गाळला.

स्नेहसंमेलनाच्या रात्री बाई त्या ओळीपाशी आल्या. चष्मा सावरला. कागद जरासा लांब धरला. मी विंगेत लेझीमच्या घोळक्यात उभी, घशाला कोरड. “...हिने पारितोषिक संपादन केले,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीवर गेल्या. टाळ्या पडल्या. मागे खुर्च्या संपल्यामुळे बाबा भिंतीला टेकून उभे होते. घरी पोचेपर्यंत त्यांनी वाटेत तिघांना थांबवून सांगितलं. प्रमाणपत्रावर तो शब्द होता, पण टिंबांच्या ओळीवर हाताने लिहिलेला आणि लिहिणाऱ्याचं अक्षर इतकं दिव्य, की बाबांनी तो ‘उत्कृष्ट’ असा वाचला. मी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर खर्डा आणि पक्की प्रत शेजारी शेजारी ठेवलेली.

“ही फायलीला लाव,” म्हणत त्यांनी पक्की प्रत माझ्या हातात दिली. खर्ड्याची चौघडी करून बारीक बारीक फाडली आणि टोपलीत टाकली.

पुढच्या वर्षी अहवाल उतरवायला आठवीतली एक मुलगी बोलावली. माझं दहावीचं वर्ष होतं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.