बीफ रोस्ट स्मोक झाला, आता कापणार कशावर?

घरी बीफ रोस्ट स्मोक करून सँडविचसाठी कापायचा असेल, तर लाकूड पेटवण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: चकत्या कशावर करणार? हे मला आधी कुणीच सांगितलं नाही, म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेत बाल्टिमोरजवळ राहायला आल्यापासून पिट बीफची चटक लागली. पुलास्की हायवेवरच्या स्टॉलवर टॉप राउंडचा, म्हणजे मागच्या मांडीच्या मांसाचा, मोठा तुकडा कोळशावर भाजतात, बाहेरून काळा आणि आत गुलाबी. मग मशीनवर अगदी पातळ कापून कैसर रोल नावाच्या गोल पावात भरतात. वर कच्चा कांदा आणि टायगर सॉस, म्हणजे हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ घातलेलं मेयोनेज. वसईला आमच्या घरी बीफ म्हणजे रस्सा नाहीतर सुकं. अख्खा तुकडा भाजून थंडगार चकत्या खायच्या, हे इथेच शिकलो. मला तेच सँडविच हवं होतं, फक्त आगीऐवजी संथ धुरावरचं.

स्मोकिंग सोपं आहे. आय ऑफ राउंड, म्हणजे त्याच मांडीतला लांबट तुकडा, घ्या, आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवा, सकाळी मिरपूड आणि लसूण पावडर लावून २२५ अंश फॅरनहाइटला ओकच्या धुरात. ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा, आतल्या तापमानाने २०० च्या आसपास न्यावा लागतो, कारण त्यातलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, विरघळायला हवं असतं. राउंडमध्ये चरबी कमी, तो तिथवर नेला तर नुसता चोथा होतो. मी १३० ला काढतो. अमेरिकी कृषी खातं १४५ अंश आणि नंतर ३ मिनिटं विश्रांती सांगतं. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर तेच पाळा. घड्याळावर जाऊ नका, थर्मामीटरवर जा.

खरा खोळंबा कापताना झाला. सुरीने कितीही जपून कापलं तरी चकती एका बाजूला जाड व्हायची, आणि राउंड जाड कापला की चावता चावता जबडा दुखतो. म्हणून सुपरमार्केटच्या डेली काउंटरला, म्हणजे हॅम-चीज मशीनवर कापून देतात तिथे, फोन केला. ‘हो, आणा, देऊ कापून,’ असं स्पष्ट उत्तर मिळालं. शनिवारच्या गर्दीत नंबर घेऊन उभा राहिलो, माझा नंबर आला, आणि काउंटरवरच्या बाईंनी डबा बघूनच मान हलवली. बाहेरचं शिजवलेलं मांस आमच्या मशीनवर चालत नाही म्हणाल्या. मॅनेजरला बोलवा म्हटलं. ते येईपर्यंत पुन्हा ताटकळलो, आणि त्यांचंही उत्तर तेच. दुसऱ्या दुकानात कच्चं मांस कापून देतात, पण शिजवलेलं नाही. नियम मला पटतो. त्याच ब्लेडवर इतरांचं हॅम आणि चीज कापायचं असतं, घरचं मांस कुणी कसं ठेवलंय ते त्यांना काय माहीत? पण मग फोनवर होकार का द्यायचा? थंड पिशवी सांभाळत गर्दीत उभं राहिलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा तो एक प्रश्न आत विचारून घ्यायला किती वेळ लागतो! अजून आठवलं की चिडचिड होते.

शेवटी घरगुती स्लायसर घेतला आणि सगळं मार्गी लागलं. रोस्ट रात्रभर फ्रिजमध्ये, आणि कापण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये. गोठवायचा नाही, नुसता घट्ट करायचा. कोमट मांस ब्लेडखाली फाटतं. आय ऑफ राउंडचे धागे लांबीत जातात, त्यामुळे आडवं कापलं की धागे आपोआप तुटतात आणि चकती मऊ लागते. पहिली चकती ट्रेवर पडली तेव्हा उजेडात धरून पाहिली: कडेला मिरीची काळी रेघ, तिच्या आत धुराचं लालसर कडं, आणि मधला भाग इतका पातळ की पलीकडची बोटं दिसावीत. त्या क्षणी फार अभिमान वाटला.

मशीन धुण्याआधी प्लग काढा आणि न कापले जाणारे हातमोजे घाला. ब्लेडच्या मागे चरबी साचते, तीही पुसायचीच. हो, सुरुवातीचं एक राहिलं: स्मोकरमधून काढल्यावर रोस्ट दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. चकत्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात, उरलेल्या चकत्यांच्या मध्ये बटर पेपर घालून त्या फ्रीजरमध्ये टाका. डब्यात साठलेला रस फेकू नका. गरम सँडविच हवं असेल तर तो गरम करून चकत्या त्यात बुडवून काढा. मशीनवर न धरता येणारी टोकं बारीक चिरून कांदा-मिरचीवर परता, वर अंडी फोडा. आमच्याकडे रविवारचा नाश्ता त्यावरच होतो.